लेखनसीमा : वेबपानाचा शेवट कोणी सांगायचा?

जुन्या मराठी पत्रव्यवहारात पत्र कुठे संपले हे सांगण्याची स्वतंत्र व्यवस्था होती. मोडीत आधी सलग रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. अशा मजकुराच्या अखेरीस मुद्रा उठवत. शिवाजी महाराजांच्या पत्रांखाली ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा दिसते, पुढच्या काळातल्या कागदांवर ‘लेखनसीमा’ हा शिक्का आढळतो. या मुद्रेची कामे दोन : मजकूर इथे संपला हे वाचणाऱ्याला कळावे, आणि त्याखाली दुसऱ्या कोणी ओळ घुसडू नये.

संगणकांच्या आपसातल्या पत्रव्यवहाराला हीच दोन कामे करावी लागतात. त्यातले पहिले १९९४ ते १९९७ या काळात कसे मार्गी लागले आणि दुसऱ्याकडे लक्ष जायला आणखी काही वर्षे का जावी लागली, हा या लेखाचा विषय आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेत वेब उभे केले तेव्हा १९९१ची रीत अगदी साधी होती. ब्राउझरने सर्व्हरशी कनेक्शन जोडायचे, एका ओळीत पान मागायचे. सर्व्हरने पान पाठवायचे आणि कनेक्शन तोडायचे. तोडणे हीच लेखनसीमा. निव्वळ मजकुराच्या पानांना एवढे पुरेसे होते. १९९३मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझेक हा ब्राउझर आला आणि पानात चित्रे दिसू लागली. एका पानात दहा चित्रे असली की अकरा कनेक्शने जोडायची आणि अकरा तोडायची.

याची किंमत मोजून पाहू. कनेक्शन जोडताना दोन्ही यंत्रांना आधी एकमेकांना ‘आहेस का?’, ‘आहे’ असे विचारून घ्यावे लागते, म्हणजे एक फेरी खर्ची पडते. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि उत्तर परत यायला आणखी पाव सेकंद लागतो. अकरा वेळा अर्धा सेकंद म्हणजे साडेपाच सेकंद नुसत्या रामरामात गेले, मजकूर अजून यायचाच आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, त्या वेळी वेबची रीत अशी होती. नेटस्केप या ब्राउझरने एकाच वेळी चार कनेक्शने जोडून वाट काढली, पण त्याने सर्व्हरवरचा भार वाढला.

ऑक्टोबर १९९४मध्ये शिकागोच्या वेब परिषदेत वेंकट पद्मनाभन आणि जेफ्री मोगल यांचा निबंध सादर झाला. पद्मनाभन हे दिल्लीच्या आयआयटीतून १९९३ साली पदवी घेऊन बर्कलीला गेलेले विद्यार्थी, मोगल हे डिजिटल कंपनीच्या प्रयोगशाळेतले संशोधक. त्यांचे म्हणणे सोपे होते : एकदा जोडलेले कनेक्शन उघडे ठेवा आणि त्यावरूनच पुढच्या मागण्या करा.

पण तोडणे बंद केले की लेखनसीमाही जाते. एकाच नळीतून दहा उत्तरे एकामागून एक येत असतील, तर पहिले कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले? तयार फाइल असेल तर तिची लांबी सर्व्हरला ठाऊक असते. ‘एवढे बाइट येतील’ असे आधीच लिहून पाठवले की काम झाले. खरी अडचण होती स्क्रिप्टने त्या क्षणी तयार केलेल्या पानांची.

अशा पानाचे आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे सातबारा. मी परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याचे उदाहरण घेतो. तिथल्या एखाद्या गटाचा उतारा संगणकावर मागितला, की नोंदी शोधून पान जुळवले जाते. एका गटाला एकच खातेदार असेल, दुसऱ्याला वारसांची वीस नावे आणि इतर हक्कांत बोजांची रांग. पान किती लांबेल हे शेवटची नोंद वाचल्याशिवाय कळत नाही. १९९३पासून इलिनॉयच्या सर्व्हरवर रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी स्क्रिप्टचा वेगळा प्रोग्रॅम सुरू होई, मजकूर ओतून बंद होई, आणि त्याबरोबर कनेक्शनही तुटे. म्हणजे उघड्या कनेक्शनचा लाभ तयार फाइलींना मिळाला आणि ताज्या पानांना नाकारला गेला.

एक उपाय असा, की स्क्रिप्टने सगळे पान आधी स्मृतीत साठवायचे, मोजायचे, मग पाठवायचे. यात पहिली ओळ तयार असूनही वाचणारा ताटकळतो, आणि मोजणीत चूक होऊ शकते. ‘चारठाणा’ हा शब्द घ्या. डोळ्याला अक्षरे चार दिसतात. काने वेगळे धरले तर युनिकोडमधली चिन्हे सात होतात. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून लांबी एकवीस. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने चिन्हे मोजून ‘सात’ असे कळवले, तर ब्राउझर सात बाइट घेतो : ‘चा’ पूर्ण आणि ‘र’चा एक तुकडा. उरलेले चौदा बाइट नळीतच राहतात आणि पुढच्या उत्तराचा आरंभ म्हणून वाचले जाऊ शकतात. रोमन लिपीत एक अक्षर एक बाइट असल्याने तिथे ही चूक दिसतही नाही. आपल्या लिपीत ती लगेच बाधते.

दुसरा उपाय जानेवारी १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेबच्या सुधारित नियमावलीत आला. तिच्या पाच लेखकांत मोगल आणि बर्नर्स-ली दोघेही होते. त्यात कनेक्शन उघडे ठेवणे हीच मूळ रीत ठरली, आणि लांबी ठाऊक नसलेल्या पानांसाठी तुकड्यांची सोय झाली. जेवढा मजकूर तयार तेवढा पाठवायचा, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहायची, आणि सगळे संपले की शून्य लांबीचा तुकडा पाठवायचा. लांबी सोळाच्या पटीत लिहितात, म्हणून एकवीस बाइटांच्या ‘चारठाणा’आधी ‘१५’ जाईल. पानाची एकूण लांबी कोणालाच आधी सांगावी लागत नाही. ते शून्य हीच लेखनसीमा.

उघडे ठेवण्यालाही मर्यादा हवी. गप्प बसलेला ग्राहक सर्व्हरची एक जागा अडवतो. अपाची या प्रसिद्ध सर्व्हरवर पुढच्या मागणीची वाट पाहण्याची ठरावीक मुदत आधी पंधरा सेकंद होती. २००५च्या आवृत्तीत ती पाचवर आणली गेली.

मुद्रेचे दुसरे काम मात्र मागे राहिले होते. एकूण लांबी आणि तुकडे, अशा शेवट सांगण्याच्या दोन रीती एकाच वेळी चालू राहिल्या. मोठ्या ठिकाणी पुढे एक सर्व्हर अनेक ग्राहकांच्या मागण्या घेतो आणि एकाच उघड्या कनेक्शनवरून आतल्या सर्व्हरकडे पाठवतो. एखाद्याने मुद्दाम एकाच मागणीत दोन्ही रीतींनी वेगवेगळे शेवट लिहिले, आणि पुढच्याने एक मानला, आतल्याने दुसरा, तर मधला उरलेला मजकूर पुढच्या ग्राहकाच्या मागणीला चिकटतो. शिक्क्याखाली ओळ घुसडण्याचाच हा प्रकार. २००५मध्ये हा हल्ला जाहीरपणे मांडला गेला, आणि २०१९मध्ये जेम्स केटल यांनी तो मोठमोठ्या संकेतस्थळांवर अजून चालतो हे दाखवले. तुकड्यांची रीतच ग्राह्य धरावी असे नियम आधीपासून सांगत होता. २०१४च्या नियमावलीने दोन्ही एकत्र आल्यास ती चूक समजावी असे सुचवले. २०१५च्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येक चौकटीच्या आरंभी तिची लांबी आली आणि शेवटच्या चौकटीवर अखेरची खूण. जुने तुकडे तिथे वर्ज्य ठरले.

या इतिहासात वेगासाठी केलेली सोय आणि दप्तराची सुरक्षितता यांची गाठ पडते. कनेक्शन प्रत्येक उत्तरानंतर तुटत होते तोवर एकाचे उत्तर दुसऱ्याच्या पदरी पडण्याची भीती नव्हती. अनेकांची कामे एका वाटेने जाऊ लागली तेव्हा शेवटाची खूण एकच असणे आणि ती दोन्ही टोकांना सारखी वाचता येणे अत्यावश्यक झाले. ज्या उताऱ्यावर कुणाचे पीककर्ज आणि कुणाचा वारसाहक्क अवलंबून असतो, तो कोणत्या बाइटला संपतो याविषयी दोन सर्व्हरांत मतभेद राहून चालणार नाही. आपल्या दप्तरी कारकुनांना हे माहीत होते, म्हणून मजकूर संपल्याची मुद्रा शेवटीच उठे.