गुरुजींच्या हातचीं साधनें

पेशवाईच्या अखेरच्या काळांतील एखादी पंतोजींची शाळा डोळ्यांपुढें आणली, तर तींत साधनें म्हणावीं अशा वस्तु फार थोड्या दिसतात. ओटीवर किंवा देवळाच्या सभामंडपांत मुलें मांडी घालून बसलेलीं. प्रत्येकापुढें एक लाकडी फळी व तिच्यावर विटकरीची बारीक पूड पसरलेली. हीच धूळपाटी. पंतोजींनीं अक्षर काढून द्यावें, मुलानें तें काडीनें गिरवावें, चुकलें तर हातानें धूळ सारखी करून पुन्हां आरंभ करावा. कागद महाग, बोरू आणि शाई मिळावयाची ती हात बसल्यावर. पावकी, निमकी, दिडकी सारें तोंडपाठ. छापील पुस्तक ठाऊकच नव्हतें. तरीहि या गरीब साधनांत एक मोठा गुण होता. तें केव्हां पुढें ओढावें व केव्हां बाजूस सारावें, हें पंतोजी स्वतः ठरवीत. शिक्षकाच्या साधनांचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास पाहूं गेल्यास हाच गुण त्यांची खरी कसोटी ठरलेला दिसतो.

धुळींत लिहिण्याच्या या देशी रीतीची कीर्ति विलायतेपर्यंत पोंचली. मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेवर १७८९ पासून अधीक्षक असलेले डॉ. अँड्र्यू बेल यांनीं मलबारी मुलांना वाळूंत बोटानें अक्षरें काढतांना पाहिलें व तीच रीत आपल्या शाळेंत आणण्याचें ठरविलें. हाताखालच्या शिक्षकांना तें रुचलें नाहीं. तेव्हां बेल यांनीं एका आठ वर्षांच्या मुलाकडे लहानांचा वर्ग सोंपविला आणि त्यानें तो चालवून दाखविला. थोरल्यांनीं धाकट्यांस शिकविण्याची ही पद्धति बेल यांनीं १७९७ सालीं लंडन येथें पुस्तकरूपानें मांडली. पुढें जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांत वाळूच्या मेजाबरोबर दगडी पाटीहि आली. साधन कितीहि सोपें व स्वस्त असलें, तरी शिक्षकाचें मन त्यांत नसेल तर तें चालत नाहीं, हें मद्रासच्या त्या लहानशा प्रसंगानें तेव्हांच दाखवून दिलें होतें.

इकडे एल्फिन्स्टनसाहेबांच्या आश्रयाखालीं १८२२ सालीं मुंबईंत शाळा व शालोपयोगी पुस्तकें यांसाठीं एक मंडळी स्थापन झाली. तिच्या समितीनें दुसऱ्याच वर्षीं पुस्तकें, शिकविण्याची रीत, शिक्षक आणि पैसा या चारींची उणीव नोंदविली. कॅप्टन जार्विस यांनीं पंडितांच्या साहाय्यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत तयार केलीं व तीं शिळाछापावर निघूं लागलीं. छापण्याच्या शाईंत चरबी असते, या समजुतीनें कित्येक सोवळे लोक त्या काळीं छापील कागदास शिवत नसत. परंतु शाळेंत पुस्तकाचा जय झाला. पूर्वीं पंतोजींच्या मुखांत असलेला पाठ आतां मुलाच्या हातांत आला. तो पडताळतां येऊं लागला. शिक्षकाच्या अधिकारास यानें थोडा धक्का बसला, पण घोकून घेण्याचे त्याचे कष्ट वांचले व समजावून सांगण्यास त्याला वेळ मिळूं लागला.

काळ्या फळ्यानें त्याहून मोठा पालट घडविला. एडिंबरोच्या हायस्कुलाचे १८१० ते १८२० पर्यंतचे मुख्याध्यापक जेम्स पिलन्स हे भूगोल शिकवितांना फळ्यावर रंगीत खडूंनीं नकाशे काढीत. धूळपाटीच्या शाळेंत प्रत्येक मुलाचा पाठ निराळा असे व पंतोजी एकेकास जवळ बोलावीत. फळ्यावर एकदां लिहिलें कीं पन्नास मुलांनीं एकाच वेळीं पाहावें. आज ज्याला वर्ग म्हणतात, तो या फळ्यापुढेंच घडला. त्यांतहि खडू गुरुजींच्याच हातांत राहिला. मुलांचे चेहरे गोंधळलेले दिसले कीं लिहिलेलें पुसून निराळ्या रीतीनें मांडतां येई.

विसाव्या शतकांत मात्र साधनें दुरून येऊं लागलीं. बी. बी. सी. नें १९२४ सालीं शाळांसाठीं भाषणें सुरू केलीं; मुंबईचें नभोवाणी केंद्र १९२७ सालीं निघालें व पुढील दशकांत येथेंहि शालेय कार्यक्रम होऊं लागले. उत्तम आवाज, शुद्ध उच्चार, गाणें व नाट्य आडगांवच्या शाळेंत ऐकूं यावें, हा लाभ लहान नव्हे. परंतु कार्यक्रमाची वेळ ठरलेली, आणि मुलानें हात वर केला तरी नभोवाणीवर बोलणारा थांबत नाहीं. म्हणून ज्या वर्गांत गुरुजी आधीं कठीण शब्द फळ्यावर लिहीत व मागाहून प्रश्न विचारीत, तेथेंच तें ऐकणें खऱ्या अर्थानें शिकणें होई.

दूरचित्रवाणीचें तेंच झालें. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहाच्या द्वारें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत कार्यक्रम पोंचविण्यांत आले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठीं असत. प्रयोग भव्य होता. परंतु उपग्रह एका वर्षापुरताच उसना मिळालेला होता. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ सालीं सुरू झाली व २०१७ सालीं बंद पडली. या दोहोंच्या मध्यें एक विलक्षण गोष्ट घडली. १९८७ सालीं केंद्र सरकारला प्राथमिक शाळांसाठीं एक देशव्यापी योजना हातीं घ्यावी लागली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकविण्याचें आवश्यक साहित्य प्रत्येक शाळेस मिळावें, हा तिचा उद्देश होता. तिचें नांव खडू-फळा मोहीम! आकाशांतून चित्रें उतरवून बारा वर्षें झालीं होतीं, आणि जमिनीवरच्या असंख्य शाळांना साधा फळा मिळावयाचा होता.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत छापण्याची कल्पना राबविली. मोबाईल त्यावर धरला कीं धड्याशीं संबंधित ध्वनि व चित्रफिती उघडतात. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे संकेत आले, व २०२० सालीं डिसले यांस जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें. ही कल्पना वर्गांतल्या शिक्षकास सुचली, म्हणूनच तिची कळ शिक्षकाच्या हातांत राहिली. त्याच वर्षीं साथीमुळें शाळा बंद झाल्या. धडे मोबाईलवरून जाऊं लागले, आणि ज्या घरांत मोबाईल नव्हता त्या घरचें मूल मागें राहिलें. तेव्हां सोलापुरांतील कांहीं शिक्षकांनीं वस्तींतल्या घरांच्या भिंतींवर अक्षरें, पाढे व आकृति रंगवून घेतल्या. मुलें भिंतीपुढें अंतर राखून उभीं राहात व शिकत.

भिंत हेंहि साधनच, आणि मोबाईल हेंहि साधनच. कोणतें नवें व कोणतें जुनें, हा हिशेब कारखानदारानें करावा. शाळेनें एवढेंच पाहावें कीं तें शेवटच्या ओळींतल्या मुलापर्यंत पोंचतें किंवा नाहीं, आणि त्याला न समजल्यास तें थांबविण्याची मुभा गुरुजींना आहे किंवा नाहीं. धूळपाटीला ती मुभा होती. पुढें येणाऱ्या प्रत्येक यंत्राकडून तीच मागून घेतली पाहिजे.