करंट की पेट्रोल?

पावसाळ्यातली सकाळ. करी रोडच्या पुलाजवळ काळीपिवळी पद्मिनी बॉनेट उघडून उभी आहे आणि ड्रायव्हर डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून आत डोकावतो आहे. हे चित्र जुन्या मुंबईकराच्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहील. गाडी बहुधा मालकाची असायची. धंदा होवो न होवो, पाळीचं भाडं द्यावंच लागे. ड्रायव्हरला काळजी दिवस बुडण्याची. मिस्त्रीचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला : करंट की पेट्रोल?

आमच्या भागातला मिस्त्री मूळचा गिरणीतला फिटर. १९८२च्या संपानंतर पाने-पक्कड घेऊन फुटपाथवर बसला. इंजिनातली ठिणगी जिथून वाटली जाते त्या डिस्ट्रिब्युटरला तो ‘डेल्को’ म्हणे. बरेच मिस्त्री तेच म्हणत. हा शब्द आला कुठून? अमेरिकेतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने बॅटरीवर चालणारी नवी ठिणगी-व्यवस्था बनवली. १९१०च्या कॅडिलॅक मोटारींना ती बसली. त्याच्या ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ची आद्याक्षरं म्हणजे डेल्को!

केटरिंगची युक्ती साधी होती. इंजिन फिरताना डेल्कोतले दोन छोटे पॉइंट उघडझाप करतात. पॉइंट उघडला की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या झटक्यात बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. रोटर तो करंट पाळीपाळीने चार प्लगना वाटतो. मिनिटाला ३,००० फेरे असतील तर सेकंदाला १०० ठिणग्या. पॉइंट जळू नयेत म्हणून शेजारी करंगळीएवढा कंडेन्सर.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १,०८९ सीसीची फियाट बाहेर पडू लागली, पुढे १९७४ साली तिची पद्मिनी झाली, पण आत ठिणगीचा हा जुनाच संसार होता. जग १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशनकडे वळलं. आपण पॉइंट घासत राहिलो.

पण त्यामुळेच एक विद्या फुटपाथवर टिकली. मिस्त्री कॉइलची मधली वायर डेल्कोच्या झाकणातून उपसायचा, कोरड्या फडक्यात धरून इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर न्यायचा आणि ओरडायचा, “सेल मार!” निळी, कडक ठिणगी पडली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक, दोष पुढे, म्हणजे झाकण, रोटर, वायरी नाहीतर प्लगमध्ये. पिवळट, मरतुकडी पडली तर संशय पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइलवर. करंट चोख असूनही गाडी चालू होत नसेल, तर मग पेट्रोलकडे वळायचं.

गाडी ‘मिसिंग’ मारत असेल तर चालू इंजिनावर प्लगच्या वायरी एकेक काढायच्या. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावायचा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग बदला, जागीच राहिला तर प्लग निर्दोष. न्यायाधीशाने शिकावी अशी पद्धत! (सगळेच मिस्त्री इतके सोवळे नव्हते. न तपासता चारही प्लग आणि वर कॉइल गळ्यात मारणारेही होतेच.)

उन्हाळ्यातली खोड जास्त फसवी. गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू. पेट्रोलपंपात वाफ कोंडली तरी असंच होतं आणि तापलेली कॉइल दगा देते तेव्हाही असंच. पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले ड्रायव्हर आपण पाहिलेच आहेत. आमचा मिस्त्री मात्र फडकं टाकण्याआधी, गाडी गरम असतानाच ठिणगी बघे. थंड झाल्यावर पुरावा नाहीसा होतो, असं त्याचं म्हणणं.

पुढे टॅक्सी सीएनजीवर गेल्या. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. पेट्रोलवर निभावून नेणारे जुने प्लग आणि वायरी गॅसवर उघड्या पडल्या. ड्रायव्हर किटला शिव्या देत, दोष बऱ्याचदा वायरीत निघे.

नंतरच्या गाड्यांत पॉइंटच राहिले नाहीत. त्या जास्त भरवशाच्या आहेत, पेट्रोलही कमी पितात; घासकाम गेलं याचं मला दुःख नाही. पण आता यंत्राच्या पडद्यावर आकडा येतो आणि ग्राहक मान हलवतो. तेव्हा ठिणगी मिस्त्रीला दिसे, तशीच ड्रायव्हरलाही दिसे. पैसे कशाचे द्यायचे हे त्याला डोळ्यांनी कळत होतं.

शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. २० वर्षांची मुदत भरली आणि २०२३ साली तीही रस्त्यावरून उतरली. आमच्या मिस्त्रीने भिंतीवरच्या खिळ्याला डेल्कोचं एक तडकलेलं झाकण टांगून ठेवलं होतं. आतून केसाएवढी काळी रेघ. पावसात करंट तिथून पळायचा. कोणी हुज्जत घातली की तो ते झाकण काढून त्याच्या हातात देई.