रँडच्या पलीकडचा प्लेग

१८९७ हे साल उच्चारले की मराठी वाचकाच्या मनात पहिल्यांदा गणेशखिंडीचा रस्ता येतो. २२ जूनची रात्र, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव, चापेकर बंधू, रँड आणि आयर्स्ट. क्रमिक पुस्तकांनी आणि चित्रपटांनी हे साल आपल्या मनावर असेच कोरले आहे. त्यात वावगे काही नाही. तथापि या कथनात प्लेग हा केवळ पार्श्वभूमीचा पडदा होऊन राहतो. ज्या साथीने पुढच्या तीन-चार दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, तिचा स्वतःचा इतिहास रँडच्या खुनापाशी येऊन थांबतो. तो थोडा पुढे आणि थोडा मागे वाचावा, असे आम्हाला वाटते. साथीला एखादा समाज कसे तोंड देतो, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे त्या काही वर्षांत मुंबई-पुण्यात एकाच वेळी दिली जात होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रुग्ण पाहिले आणि हा प्लेग आहे असे निदान केले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली, धान्याच्या वखारींनी गजबजलेली वस्ती. त्याआधी दोनच वर्षे, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत यर्सिन या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधून काढला होता. म्हणजे शत्रूचे नाव कळले होते. त्याची वाट मात्र कळली नव्हती. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. त्यावर शास्त्रजगताचा विश्वास बसायला आणखी काही वर्षे जावी लागली. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने ती गोष्ट निर्विवाद ठरली.

मधल्या काळात सरकार लढले ते घाणीशी, कोंदट हवेशी, आणि सरतेशेवटी माणसांशी. गटारे धुतली गेली, भिंतींना चुना लागला, उजेड यावा म्हणून घरांची कौले काढली गेली, सामान जाळले गेले. रुग्णाला सक्तीने इस्पितळात न्यायचे आणि नातलगांना वेगळ्या छावणीत ठेवायचे, असे धोरण ठरले. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत लोकांत पसरायला वेळ लागला नाही. बरेचसे रुग्ण अखेरच्या अवस्थेतच तेथे पोचत असल्याने ती समजूत रोज खरीही ठरत होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लोक रुग्ण लपवू लागले, मृत्यूची कारणे खोटी सांगू लागले आणि लाखोंच्या संख्येने शहर सोडून जाऊ लागले. १८९१ साली सुमारे सव्वाआठ लाख असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारीत पावणेआठ लाखांवर आलेली दिसते. सक्तीने भीती वाढली, भीतीने पळापळ वाढली आणि पळणाऱ्यांबरोबर रोग गावोगाव गेला.

या पार्श्वभूमीवर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्यात सरकारला जवळजवळ हवे ते करण्याचे अधिकार होते, सद्‌हेतूने काम करणाऱ्या अंमलदाराला संरक्षण होते, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होती. ज्याचे घर उघडले जाणार आणि ज्याचे माणूस उचलून नेले जाणार, त्याच्या हक्काविषयी अक्षर नव्हते. पुण्यात रँडच्या समितीने याच बळावर गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर तपासणी चालवली. देवघरात आणि माजघरात बुटांसह शिरणे, स्त्रियांच्या अंगावरील गाठी तपासणे, चीजवस्तूंची नासधूस, यांविषयीच्या तक्रारींनी त्या काळची वृत्तपत्रे भरलेली आहेत. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या स्थितीविषयी उघडपणे लिहिले. गोखल्यांनी इंग्लंडमध्ये हे आरोप मांडले. पुरावा देता न आल्यामुळे परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. टिळकांचा विरोध रोग्याला वेगळे ठेवण्याला नव्हता. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना ‘केसरी’ने दोष दिला आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ उभारण्यात टिळकांनी पुढाकार घेतला. म्हणजे वाद उपाय हवेत की नकोत असा नव्हता. ते कोणी करायचे, कोणत्या भाषेत आणि कोणाला विचारून, असा तो होता.

या प्रश्नाला कृतीने दिलेले एक उत्तर याच काळातले आहे. पुण्यात लष्कराच्या तपासण्या सुरू झाल्या त्याच मार्च महिन्यात, शहराबाहेर हडपसरच्या ससाणे मळ्यावर, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत हे प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होते. मुंढव्याच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वेगळे ठेवणे येथेही होते, गावापासून दूर नेणेही होते. फरक इतकाच की रुग्णाला नेणारी व्यक्ती त्याच्या सोबत राहत होती.

दुसरे उत्तर मुंबईतले. रशियात जन्मलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. लोकांच्या मनातील धास्ती जावी म्हणून खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस घेतली आणि त्यांच्या अनुयायांनी त्यांचे अनुकरण केले. जे सोजिरांच्या संगिनीला साधले नव्हते, ते एका पुढे केलेल्या दंडाने साधले.

तिसरे उत्तर कोणा एकाच्या नावावर नाही. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, हे खेड्यापाड्यांतील लोक अनुभवाने शिकले. त्यांना पिसवेचे शास्त्र ठाऊक नव्हते. परंतु मेलेला उंदीर ही पूर्वसूचना आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे शास्त्राने त्यांच्या शहाणपणाची पावती दिली आणि सरकारनेही गाव रिकामे करण्याच्या या उपायाचा पुरस्कार केला. ज्यांना अडाणी म्हणून हाकलले जात होते, त्यांच्यापाशी निदान काही अंशी खरे ज्ञान होते.

अर्थात विश्वास हे रामबाण औषध होते, असा भाबडा निष्कर्ष आम्हाला काढायचा नाही. १८९८ नंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली, पण प्लेग त्यामुळे थांबला नाही. देशातील मृत्यूंचे सर्वांत मोठे आकडे पुढच्याच दशकातले आहेत. विश्वासही ठिसूळ असतो. १९०२ साली पंजाबातील मल्कोवाल गावी लशीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांचे निर्दोषत्व १९०७ साली मान्य झाले, तोवर लसीकरणावरील श्रद्धेला तडा गेला होता. लोकांचा विश्वास एकदा मिळवून भागत नाही, तो सतत राखावा लागतो, हे त्या एका बाटलीने दाखवले.

१८९७ चा तो कायदा इतिहासजमा झाला, असे अनेकांना वाटत होते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तोच बाहेर काढला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्यसेवकांवर हल्ले करणाऱ्यांना कठोर शिक्षा देण्यासाठी. ती आवश्यक होती, याबद्दल दुमत नसावे. परंतु वेगळे ठेवल्या जाणाऱ्या माणसाचे हक्क कोणते, हा १२३ वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न तेव्हाही सुटलेलाच राहिला. १८९६ साली जमावाने ज्यावर दगड फेकले, ते आर्थर रोडचे इस्पितळ आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. मुंबईतील करोनाचे पहिले रुग्ण तेथेच दाखल झाले होते.

म्हणून १८९७ शिकवताना आणि वाचताना गणेशखिंडीच्या जोडीने ससाणे मळा, भायखळ्याचा तुरुंग आणि गावाबाहेरचा माळही यायला हवा. चापेकरांची कथा सत्तेच्या अन्यायाला दिलेल्या उत्तराची आहे. साथीला दिलेली उत्तरे मात्र या दुसऱ्या ठिकाणी सापडतात. ती अपुरी होती, पण पुढच्या साथीत उपयोगी पडतील अशी तीच आहेत.