सुसरीची पाठ कोणाला मऊ?

म्हणी म्हणजे लोकांच्या शहाणपणाचा साठा, असे आपल्याला शाळेपासून शिकविले जाते. कोणत्या लोकांच्या, हे विचारण्याची पद्धत नाही. 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' ही म्हण घ्या. भिवापुरात मिरचीच्या सातऱ्यावर खुडाईला बसलेल्या बाया मुकादम पाठमोरा झाला की ती म्हणतात आणि हसतात. पुस्तकांत तिचा अर्थ 'दुष्टाची खुशामत' असा दिलेला असतो. खुशामत करणारा पाण्यात उभा आहे आणि पाणी सुसरीचे आहे, हे सांगायचे मात्र राहून जाते. ह्या भागातील तलाव मालगुजारांचे होते. मालगुजारी १९५१ साली गेली, तरी त्यांना आजही 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असेच म्हणतात. ज्याला पाणीच दुसऱ्याच्या मर्जीने मिळते, त्याला सुसरीची पाठ खरबरीत म्हणण्याची चैन परवडत नाही.

('नक्राश्रू' हा शब्द संस्कृत पेहरावात वावरत असला तरी तो इंग्रजी शिक्षणाबरोबर आला. तो अग्रलेखांत शोभतो. सातऱ्यावर कोणी वापरीत नाही.)

सुसर म्हणजे पालीतील सुंसुमार. भागवतातील गजेंद्राचा पाय मगर धरते तेव्हा तो विष्णूचा धावा करतो. सुंसुमार जातकातील वानर मात्र कोणालाही हाक मारीत नाही. काळीज झाडावर ठेवून आलो, असे सांगून तो स्वतःच सुटतो. तो वानर बोधिसत्त्व, आणि मगर देवदत्त. एकाच प्राण्याभोवती दोन परंपरांनी दोन वेगळी माणसे उभी केली.

आपल्या म्हणीतील सुसर गोड्या पाण्यातली. खाऱ्या पाण्यातील अजस्र मगर मराठी माणसाने फारशी पाहिलीच नाही; ती ओरिसाच्या भितरकनिकात, अंदमानात आणि बंगालच्या सुंदरबनात. म्हणून तिची म्हण बंगालीत आहे : 'जोले कुमीर, डांगाय बाघ'. पाण्यात मगर, काठावर वाघ. आपण त्याच अर्थाने 'इकडे आड, तिकडे विहीर' म्हणतो. ज्यांना आडावरही बंदी होती आणि विहिरीवरही, त्यांनी ही म्हण केली नसणार, एवढे नक्की.

बंगाली म्हण मात्र नामशूद्रांना अक्षरशः भोगावी लागली. १९११ च्या जनगणनेपर्यंत सरकार दरबारी त्यांची नोंद 'चांडाळ' अशी होती. त्यांचेच नेते जोगेंद्रनाथ मंडल ह्यांच्या पाठिंब्याने बाबासाहेब १९४६ साली बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. फाळणीनंतर हा समाज निर्वासित झाला आणि त्यातील हजारो कुटुंबांना दंडकारण्यात पाठविण्यात आले. १९७८ मध्ये ती सुंदरबनातील मरीचझापी बेटावर परतली. विरोधी पक्षात असताना ज्या डाव्यांनी त्यांना बंगालमध्ये जागा द्या म्हटले होते, ते आता सत्तेवर होते. लोकांनी कोणाचा धावा न करता बांध घातले, शाळा उघडली, बाजार भरविला, होड्या बांधल्या. सरकारने हे राखीव जंगल असल्याचे सांगून जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी केली. अन्न आणि पिण्याचे पाणी तोडले. ३१ जानेवारीला गोळीबार झाला, मे महिन्यात वस्ती जाळून माणसे हाकलली. सरकारी कागदांतील मृतांचा आकडा बोटांवर मोजण्याइतका. वाचलेले लोक शेकड्यांनी सांगतात, आणि प्रेते नदीत टाकली असेही सांगतात.

त्याआधी १९७५ साली केंद्र सरकारने मगरींच्या संवर्धनाचा प्रकल्प सुरू केला होता. मगर वाचू नये असे कोणी म्हणणार नाही. पण त्या खाडीत शासनाला दया कोणाची आली आणि कोणाची आली नाही, हे म्हणीच्या अर्थात धरावे लागेल. नामशूद्र लेखक मनोरंजन ब्यापारी ह्यांनी आत्मकथेच्या नावातच 'चांडाळ' हा शब्द पुन्हा उचलला, तो उगाच नाही.

गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली निर्वासितांची गावे आहेत. भिवापूरहून नागभीड, ब्रह्मपुरीमार्गे तिकडे जाता येते. आपल्या विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन जावे आणि ही म्हण तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून, कोणती नदी, कोणते साल, ह्यासकट उतरवून आणावी. सातऱ्यावरच्या बायांची म्हणही तशीच उतरवायची राहिली आहे.