तापाच्या रकान्यातला न्यूमोनिया

नदीच्या पलीकडे कामठी, अलीकडे आमचं कन्हान. १८२१ साली इंग्रजांनी कामठीला छावणी वसवली. पलटणीतल्या आजाऱ्यांकडे लष्करी डॉक्टर बघत. अलीकडच्या खेड्यांत मेलेल्यांचा हिशेब मात्र कोतवालाकडे. गावात कोण गेलं, कशानं गेलं, हे तो ठाण्यावर जाऊन सांगायचा. देवी, पटकी, प्लेग हे त्याला ओळखू येत. छाती भरून, धाप लागून गेलेला माणूस बहुतेक वेळा ‘ताप’ या रकान्यात जायचा. मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, आणि माझं ठाम मत आहे की आमच्या भागातल्या न्यूमोनियाचा इतिहास या एका रकान्यात गाडला गेला आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाचंच बघा. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त झोडपल्या गेलेल्या भागांपैकी एक होता. दर हजारी पन्नासहून अधिक माणसं गेली, म्हणजे वीस जणांमागे एकाहून जास्त. त्या साथीत मेलेल्या सैनिकांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे अमेरिकी संशोधकांनी पुन्हा तपासले आणि २००८ साली निष्कर्ष मांडला: विषाणूनं फुफ्फुस दुबळं केलं, पण बहुतेकांचा जीव घेतला मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं.

ते जिवाणू तेव्हा अनोळखी नव्हते. १८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी न्यूमोकॉकस स्वतंत्रपणे शोधला होता. १८८४ साली बर्लिनमध्ये हान्स ख्रिस्तियान ग्राम हा डॅनिश डॉक्टर न्यूमोनियानं मेलेल्यांची फुफ्फुसं तपासत असताना त्याला रंग देण्याची जी पद्धत सापडली, तीच मी रोज वापरली. बेडका काचेवर पातळ पसरायचा, वाळवायचा, स्पिरिटच्या दिव्यावरून फिरवायचा. मग जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, त्यावर आयोडीन, मग काही क्षण अल्कोहोल आणि शेवटी लाल सॅफ्रानिन. अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं की जांभळा रंगही धुऊन जातो, त्यामुळे हात तिथं सावध लागतो. नमुना चांगला असेल तर भिंगाखाली जांभळ्या जोड्या दिसतात, बाहेरच्या टोकांना निमुळत्या. तो न्यूमोकॉकस.

पण चांगला नमुना मिळायचा कुठे? गोंडेगाव, इंदर, कामठी इथल्या कोळशाच्या खुल्या खाणींत काम करणारा माणूस ताप अंगावर काढतो. खाडा परवडत नाही. औषधाच्या दुकानातून दोन-चार गोळ्या आणतो आणि चौथ्या दिवशी डॉक्टरकडे जातो. तोवर अँटिबायोटिकनं न्यूमोकॉकस मेलेला असतो. उरलासुरला बाटलीत, मे महिन्याच्या उन्हात, नागपूरच्या वाटेवर मरतो, कारण तो फार लवकर आपोआप विरघळतो. क्लेबसिएलासारखे काटक जिवाणू तेवढे टिकतात आणि अहवालात त्यांचंच नाव येतं. आपल्याकडे क्लेबसिएला खरोखरच जास्त आढळतो. मधुमेह आणि दारू त्याला वाट करून देतात. तरीही कुणाचं नाव येतं, यात नमुना कसा नि कधी घेतला याचाही वाटा मोठा आहे. शिवाय न्यूमोनिया म्हणून आलेल्यांत अधूनमधून क्षयरोग निघतो, तो वेगळाच.

औषधांचा इतिहास तसा अलीकडचा. जुनी पिढी छातीवर जवसाचं पोटीस बांधून सातव्या-नवव्या दिवसाची वाट बघायची. त्या दिवशी घाम फुटून ताप उतरायचा, नाही तर माणूस हातचा जायचा. १९३८ साली एम अँड बी ६९३ ही सल्फा गोळी आली. १९५५ पासून पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं. औषध देशात बनू लागलं, तरी दूरच्या खेड्यातल्या लेकरापर्यंत ते पोचत नव्हतं.

ते पोचवून दाखवलं आपल्याच विदर्भानं. १९८८ साली गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या माणसांना, दाईंनाही, श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं आणि एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचं साधन केलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ, त्याहून मोठ्या तान्ह्याचा पन्नास झाला की न्यूमोनिया समजून कोट्रायमोक्साझोल सुरू. जिवाणूच्या नावासाठी अडून बसायचं नाही. असे ६१२ आजार हाताळले गेले, त्यांत दगावण्याचं प्रमाण ०.८ टक्के. शेजारच्या, उपक्रम नसलेल्या गावांत तेच १३.५ टक्के होतं. १९९० साली ‘लॅन्सेट’नं हे छापलं. लेकरांचा श्वास गावानं स्वतः मोजला, म्हणून ती वाचली.

आता न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. ती चुकवू नका. लेकराचा श्वास जोरात चालत असेल तर अहवालाची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. आणि मोठ्या माणसाला डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला, तर शक्यतो पहिल्या गोळीआधी, चूळ भरून, खोल खोकून काढलेला द्या आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. मात्र रुग्ण अत्यवस्थ असेल तर नमुन्यापायी औषध थांबवू नका.