धनजीशा कूपर : मक्ता, नांगर आणि लोकल बोर्ड

राज्य गेल्यावर राजधानीचे काय होते हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील साताऱ्याकडे पाहावे. १८४८ साली शहाजी महाराज ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले, डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले. त्यानंतर ज्या शहरात मानकरी, शिलेदार आणि दरबारी कारकून यांची वर्दळ असे, तेथे कलेक्टरची कचेरी, वकिलांची बिऱ्हाडे आणि कँपातील दुकाने हीच काय ती उलाढालीची ठिकाणे उरली. नगरपालिका १८५३ सालीच स्थापन झाली होती. परंतु तिचा कारभार बराच काळ सरकारी अंमलदारांच्या मर्जीने चाले आणि नामनियुक्त सभासदांचे मुख्य काम मान डोलावण्याचे असे. १८८४ च्या कायद्यानंतर निवडणुकीचे तत्त्व हळूहळू रुजू लागले, आणि त्याबरोबर एक नव्या जातीचा पुढारी महाराष्ट्रातील लहान शहरांतून उदयास आला. हा पुढारी वतनदार नव्हता, शास्त्री नव्हता, बहुधा पदवीधरही नव्हता. त्याच्यापाशी होते ते खतावणीचे ज्ञान, उधारी वसूल करण्याची हातोटी आणि माणसे धरून ठेवण्याची कला. साताऱ्याचे धनजीशा बोमनजी कूपर हे या वर्गाचे सर्वांत यशस्वी, आणि म्हणूनच सर्वांत बोधप्रद, उदाहरण होय.

धनजीशांचा जन्म १८७८ सालचा. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा त्याच साली मंजूर झाला, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. या व्यवस्थेत देशी दारूच्या विक्रीचा मक्ता सरकार देई, आणि दख्खनमधील अनेक जिल्ह्यांत हे मक्ते पारशी व्यापाऱ्यांच्या हाती गेले. मक्तेदाराला गावोगावचे दुकानदार नेमावे लागत, पाटील-कुलकर्ण्यांशी सलोखा ठेवावा लागे, आणि कलेक्टरच्या कचेरीत आपला शब्द चालेल अशी तजवीज करावी लागे. म्हणजे पुढे निवडणुकीत जे जे लागते, ते सर्व या धंद्यात आधीच शिकून होई. कूपर यांचा उत्कर्ष याच मक्त्यांच्या जगातून झाला असे साताऱ्यात सांगत आले आहेत, व त्यांच्या प्रतिपक्षाने ही गोष्ट त्यांना कधी विसरू दिली नाही.

परंतु केवळ मक्तेदार म्हणून त्यांची बोळवण करणे अन्यायाचे होईल. १९२२ साली त्यांनी जो कारखाना काढला, त्यातून लोखंडी नांगर, उसाचे चरक आणि पुढे तेलावर चालणारी इंजिने तयार होऊ लागली. पुणे-मिरज ही मीटरगेजची वाट सातारा शहराला बगल देऊन जात असल्यामुळे सातारारोड नावाचे स्टेशन शहरापासून काही कोसांवर, पाडळीच्या माळावर पडले होते. कारखाना नेमका तेथे आला. याच रुळांवर दक्षिणेस औंध संस्थानाच्या हद्दीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसविलेली किर्लोस्करवाडी होती, आणि एकाच रेल्वेच्या काठी एकाच शेतकऱ्यासाठी नांगर ओतणारे दोन कारखाने स्पर्धा करीत राहिले, ही घटना आपल्या औद्योगिक इतिहासात वाटते त्याहून महत्त्वाची आहे. लोखंडी नांगराने जमीन नासते ही समजूत मोडून काढण्यासाठी किर्लोस्करांना प्रारंभी केवढे कष्ट पडले हे सर्वश्रुत आहे. कूपर बाजारात उतरले तोवर ती समजूत बरीच ढिली झाली होती. त्यांना शेतकऱ्याचे मन वळवावयाचे नव्हते, त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे होते, आणि त्या कामी त्यांच्याइतका तरबेज मनुष्य जिल्ह्यात दुसरा नसावा.

येथे १९२३ हे वर्ष ध्यानात घेतले पाहिजे. त्या वर्षी मुंबई विधिमंडळाने लोकल बोर्डांचा नवा कायदा केला आणि प्राथमिक शिक्षणाचा कायदाही केला. पहिल्याने बोर्डांवर लोकनियुक्त सभासदांचे वर्चस्व आले, दुसऱ्याने गावोगावच्या मराठी शाळा सरकारी खात्याकडून त्यांच्या ताब्यात आल्या. रस्ते, धर्मशाळा व विहिरी यांची कंत्राटे पूर्वीही होती. पण शाळामास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या ही सत्ता अगदी निराळी होती. खेड्यात वर्तमानपत्र वाचून दाखविणारा, अर्ज लिहून देणारा आणि पंचांना सल्ला देणारा मनुष्य म्हणजे मास्तर. त्याची बदली ज्याच्या हाती, त्याच्या हाती त्या खेड्याचा कान. साताऱ्याच्या बोर्डावर कूपर यांचा जो जम बसला, त्याचे रहस्य मला येथेच दिसते. जिला जिल्हाभर ‘कूपर पार्टी’ म्हणत, तिला जाहीरनामा असा नव्हताच. होते ते एक विस्तीर्ण देण्याघेण्याचे खाते.

आणि तरीही या खात्याला एक सामाजिक अर्थ होता, जो पुष्कळ टीकाकारांनी दृष्टीआड केला. सातारा हा सत्यशोधक चळवळीचा बालेकिल्ला. भास्करराव जाधवांसारखा विद्वान ब्राह्मणेतर पुढारी येथूनच निवडून जाऊन मुंबई सरकारात मंत्री झाला. मराठा व अन्य शेतकरी समाजातील जे तरुण प्रथमच बोर्डाच्या खुर्चीवर बसत होते, त्यांना पैसा, मोटारगाडी आणि सरकारदरबारी वजन असलेला पाठीराखा हवा होता. कूपर यांना मतदार हवे होते. पारशी उद्योजक ब्राह्मणेतर पक्षाचा आधारस्तंभ व्हावा हे वरवर विचित्र भासते, परंतु गरजांचा हा मेळ अगदी सरळ होता. जो गावच्या जुन्या भांडणात कोणाचाच भाऊबंद नाही, त्याला मध्यस्थी करणे सोपे जाते.

सरकारकडून खानबहादूर आणि पुढे सर हे किताब मिळाले, आणि जिल्ह्याच्या वेशीबाहेर मुंबईच्या राजकारणातही त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. मग आले १९३७ साल. नव्या घटनेप्रमाणे झालेल्या निवडणुकीत मुंबईच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या; मतदारांची संख्या पूर्वीच्या कितीतरी पट वाढली होती आणि खुद्द सातारा जिल्ह्यात आत्माराम पाटील बोरगावकरांसारखा शेतकरी कार्यकर्ता काँग्रेसच्या तिकिटावर विजयी झाला. गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरणार नाहीत अशी हमी मिळाल्यावाचून अधिकारग्रहण करावयाचे नाही, असा काँग्रेसचा हट्ट पडला, तेव्हा गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी कूपर यांना पाचारण केले. १ एप्रिल १९३७ रोजी, जेव्हा देशभर नव्या घटनेच्या निषेधार्थ हरताळ पाळला जात होता, तेव्हा साताऱ्याच्या या कारखानदाराने मुंबई प्रांताच्या पहिल्या मुख्य प्रधानपदाची शपथ घेतली. जमनादास मेहता, सर सिद्दप्पा कांबळी आणि हुसेनअली रहिमतुल्ला हे त्यांचे सहकारी. टिळकांच्या परंपरेतले जमनादास या पंक्तीत कसे, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला, आणि तो अजूनही विचारण्यासारखा आहे.

हे मंत्रिमंडळ विधिमंडळापुढे कधी गेलेच नाही, कारण तेथे उभे राहताच ते कोसळणार हे उघड होते. ज्याने आयुष्यभर बहुमत जुळवून दाखविले, त्याला शेवटी बहुमत नसताना सर्वोच्च आसन मिळावे, ही नियतीची चेष्टाच म्हणावयाची. कूपर यांची सर्व कर्तबगारी ओळखीच्या माणसांच्या मर्यादित मतदारसंघात घडली होती; प्रत्येक मताला नाव, गाव आणि गरज होती. ज्या निवडणुकीत अनोळखी माणसे एका झेंड्याकडे पाहून मते टाकतात, तिच्यासाठी त्यांच्या वहीत रकानाच नव्हता. जुलैत काँग्रेसने अधिकारग्रहणाचा निर्णय घेतला, साडेतीन महिन्यांची ही कारकीर्द संपली आणि १९ जुलैला बाळासाहेब खेर सत्तेवर आले. खेरांच्या सरकारने १९३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात दारूबंदी पुकारली, व ज्या मक्त्यांनी अनेक घराणी वर आणली होती, त्यांची मुळेच उपटण्यास प्रारंभ झाला.

किर्लोस्करांनी नगरपालिकेच्या आणि बोर्डाच्या राजकारणात जीव गुंतविला नाही, म्हणून त्यांना चरित्रकार लाभले. कूपर यांच्या वाट्याला बहुधा राजकीय इतिहासातील तळटीप आली. सातारारोडचा कारखाना १९४० च्या सुमारास वालचंद हिराचंदांच्या उद्योगसमूहाकडे गेला. पुढच्या सहा वर्षांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच जिल्ह्यातील शेकडो खेड्यांत गावसभा आणि न्यायदान मंडळे चालविली, आणि गावाचा कान कोणाच्या हाती या प्रश्नाचे उत्तर बोर्डाच्या दप्तराबाहेर दिले जाऊ लागले. सर धनजीशा १९४७ च्या जुलैत वारले.