दक्षिण विस्तृतक्षेत्र गॅमा किरण वेधशाळा (एसडब्ल्यूजीओ)

चिलीतील अटाकामा वाळवंटात नियोजित असलेली आंतरराष्ट्रीय वेधशाळा. तिच्या आखणीसाठी अनेक देशांतील संशोधनसंस्था जुलै २०१९ मध्ये एकत्र आल्या. अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली व पेरू येथील जागा पारखून २०२४ मध्ये सुमारे ४,७७० मी. उंचीवरील पाम्पा ला बोला हे पठार निवडण्यात आले.

अतिऊर्जावान गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाही. वातावरणावर आदळून तो कणांचा वर्षाव घडवतो. हे कण वेधशाळेच्या काळोख्या टाकीतील शुद्ध पाण्यातून, पाण्यातील प्रकाशवेगालाही मागे टाकत जातात, तेव्हा निळसर चेरेनकोव्ह प्रकाश क्षणभर चमकतो. संवेदक तो टिपतात. शेजारच्या टाक्यांत तो किती नॅनोसेकंद पुढेमागे चमकला, यावरून किरणाची दिशा कळते. पठार जितके उंच, तितका वर्षाव विरण्याआधी हाती लागतो. हवेतील असा प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणींना निरभ्र, अंधारी रात्र लागते. टाक्या भर दुपारीही काम करतात.

मेक्सिकोतील हॉक व चीनमधील लासो या अशा वेधशाळा उत्तर गोलार्धात आहेत. आकाशगंगेचे केंद्र तेथून खालीच दिसते. अटाकामात ते जवळजवळ डोक्यावरून जाते. प्रकल्पाचे खरे महत्त्व यातच आहे.